पाच मिनिटांसाठी बंद केलेला पहारा

संगणक चालू करताना काळ्या पडद्यावरून पांढरी अक्षरं सरसर वर जायची. तेवढ्यात ‘डिलीट’चं बटण दाबलं की एक निळा पडदा उघडायचा, विंडोज सुरू होण्याच्याही आधीचा, मशीनच्या पोटातला. तारीख, वेळ, मेमरी, डिस्क, सगळं तिथं ठरायचं. त्यातल्या एका यादीत पहिलीच ओळ होती ‘व्हायरस वॉर्निंग’, आणि समोर ‘एनेबल्ड’ किंवा ‘डिसेबल्ड’. पेज-अपचं बटण एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. सत्त्याण्णव साली हे ठाऊक असलेली कराडातली सगळी माणसं एका रिक्षात मावली असती, आणि ती रिक्षा मी चालवत असते.

ही फुशारकी वाटेल. आहेच. सांगलीला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला तेव्हा वर्गात आम्ही चार मुली होतो आणि वर्कशॉपमध्ये डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न माझ्यासारखं कुणाला चालवता यायचं नाही, मुलांनाही नाही. परत आल्यावर घराच्या पुढच्या खोलीत मी संगणकाचा क्लास काढला. तीन मशीन होती. तिन्ही मी सुटे भाग आणून स्वतः जोडलेली. वय सव्वीस, नाकावर राग, आणि कुणी ‘हे तुला जमेल का’ असं विचारलं की ते करूनच दाखवायची खोड.

घरात मी आणि अण्णा, म्हणजे माझे वडील. ते साखर कारखान्यात तीस वर्षं फिटर होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. मशीन म्हटलं की ते हात धुऊन यायचे. माझ्या संगणकांत फिरणारं काही दिसत नाही, वंगण लागत नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं. “ह्याला मशीन कशाला म्हंत्यात गं? आवाज न्हाई, वास न्हाई,” असं ते अधूनमधून म्हणायचे.

त्या वर्षी फेब्रुवारीत बाई आल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळी नोकरी झालेली, शेवटची दहा वर्षं कडेगावच्या बाजूला. मूळ गाव माण तालुक्यातलं. लहानपणी वडील मुंबईत गोदीत, आई गावात. बाई उन्हातून छत्री घेऊन आल्या, छत्री दाराबाहेर उभी केली आणि म्हणाल्या, “मला टायपिंग शिकायचंय. परीक्षेसाठी नाही. मला माझं लिहायचंय.”

“वहीत लिहा की,” मी म्हणाले. क्लास चालवणाऱ्या बाईनं असं बोलू नये, पण मी बोलले.

“वही घरात राहते. येणारा-जाणारा उघडतो, विचारतो. हे आधी मला एकटीला लिहू दे.” मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, “नात आठवीत आहे. तिला वाटतं, आजी जन्मापासून मास्तरीणच होती. आमच्या वस्तीतली शाळेत गेलेली पहिली मुलगी मी. माझ्या आधीची कुणी नाही आणि माझ्या बरोबरीच्या दोघी गेल्या. मी सांगितलं नाही तर हे संपलं.”

तेव्हापासून रोज अकरा ते एक बाई तिसऱ्या मशीनवर बसायच्या. ते आमचं थोरलं मशीन, नव्या डिस्कचं. दोन बोटांनी टाइप करायच्या, एकेक अक्षर शोधून, पण एकदा बसल्या की मान वर करायच्या नाहीत. आयुष्यभर पाठाची टाचणं काढलेली बाई ती, प्रत्येक परिच्छेदाला आधी आकडा घालायची. आकड्यापुढं कंस, मग मजकूर. मी मागून गेले तर पडदा हातानं झाकायच्या. “पुरं झालं की पहिली तूच वाच,” म्हणायच्या. मी काही तितकी उत्सुक नव्हते, खरं सांगायचं तर. मला त्यांच्या बोटांचा वेग वाढवण्यात जास्त रस होता.

आता त्या पहाऱ्याबद्दल. डिस्कच्या अगदी पहिल्या कप्प्यात मशीननं जागं कसं व्हायचं ते लिहिलेलं असतं. त्या कप्प्यात कुणी काही लिहायला लागलं की मशीन किंचाळायचं, पडद्यावर चौकट यायची आणि विचारायची, लिहू देऊ का? हो म्हणायला वाय दाबा, नको म्हणायला एन. त्या काळचे बरेचसे व्हायरस फ्लॉपीत बसून यायचे आणि आधी त्याच कप्प्यात घुसायचे. फ्लॉपी खणात विसरून मशीन चालू केलं की त्यांचं काम झालं. म्हणून हा साधाभोळा पहारा फार उपयोगी होता. मी क्लासच्या पोरींना पहिल्याच आठवड्यात निळ्या पडद्यावर नेऊन तो दाखवायचे आणि वर बजावायचे, याला कधी बंद करायचं नाही.

आणि श्रावणात मीच तो बंद केला. थोरल्या मशीनवर नवी विंडोज चढवायची होती. ती चढताना पहिल्या कप्प्यात लिहिणारच, ते तिचं कामच आहे. पण पहाऱ्याला घरचा कोण आणि चोर कोण ते कळत नाही. तो किंचाळला, काम अडलं. मी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा किंचाळला. समोर चार पोरी उभ्या, आणि मॅडमचं मशीन मॅडमलाच दटावतंय. मी डिलीट दाबून निळ्या पडद्यावर गेले, पेज-अप दाबलं, ‘डिसेबल्ड’ केलं. “पाच मिनिटांसाठी बंद करायचं, काम झालं की परत चालू,” असं मोठ्यानं सांगितलंसुद्धा. विंडोज चढायला दुपार गेली. संध्याकाळी वीज गेली. दुसऱ्या दिवशी नव्या रंगीत पडद्याचं सगळ्यांना इतकं कौतुक की निळा पडदा कुणाला आठवतोय.

विसरले असं मी पुढं पुष्कळ वर्षं सांगत आले. ते निम्मंच खरं. एकदा-दोनदा आठवण झाली होती. पण माझ्या क्लासमध्ये माझ्या नजरेखालून न जाता फ्लॉपी आत जाईल कशी, असा माझा तोरा होता. पहारेकरी नेभळ्यांना लागतो असं मला वाटायचं.

दुसरी चूकही सांगून टाकते. बाईंनी गणपतीच्या सुमाराला विचारलं होतं, “याची एखादी नक्कल काढून देशील का घरी ठेवायला?” मी त्यांना खणातल्या फ्लॉप्या काढून दाखवल्या. कराडच्या पावसात फ्लॉपीला बुरशी यायची, आतल्या काळ्या तबकडीवर पांढरे ठिपके पडायचे. “हे बघा, बाई. फ्लॉपीवर ठेवलेलं दोन महिने टिकत नाही. डिस्कवर आहे ते पक्कं आहे.” माझं बोलणं इतकं ठाम असायचं की समोरच्याला पुढं विचारणं म्हणजे माझा अपमान वाटे. बाईंनी विचारलं नाही.

खंडेनवमी आली. अण्णांचा हा वर्षातला खरा सण. पहाटे आंघोळ करून त्यांनी पाने, पक्कड, मायक्रोमीटर, कारखान्यातून मिळालेली पितळी तेलदाणी, सगळं पुसून पाटावर मांडलं. मग क्लासमध्ये येऊन तिन्ही संगणकांना झेंडूच्या माळा घातल्या. क्लासला सुट्टी होती, तरी चार-पाच पोरी प्रसादाला आलेल्या. बाई नव्हत्या. दसऱ्याला त्यांच्या विहारात मोठा कार्यक्रम असे, पांढऱ्या साड्या धुऊन इस्त्री करण्यापासून त्यांची तयारी दोन दिवस आधीच सुरू व्हायची.

हळदकुंकू झालं, फुलं झाली. मी थोरल्या मशीनच्या बटणाकडं हात नेला तर अण्णांनी माझं मनगट धरलं.

“आगं आगं! उपाशी चालू करतीस व्हय?”

“म्हणजे?”

“कारखान्यात मोळी टाकल्याबिगर रोलर फिरत न्हाई. गुऱ्हाळात पहिला ऊस, गिरणीत मूठभर दाणं. आन तुज्या मशीनला रिकाम्या तोंडानं उठवायचं? घास दे त्येला काय तरी.”

आमच्याकडं ही रीत कुणाला समजावून सांगावी लागत नाही. हंगामाच्या पहिल्या दिवशी उसाची मोळी गव्हाणीत पडते, मगच कारखाना सुरू होतो. अण्णांनी तीस मोळ्या बघितलेल्या. त्यांनी मशीनचं पुढचं तोंड न्याहाळलं, फ्लॉपीची फट दिसली, आणि ‘हितनं खातंय न्हवं?’ म्हणत टेबलावरच्या डब्यातली वरची फ्लॉपी उचलली. कुणा पोरीनं खेळ भरून आणलेली पिवळी फ्लॉपी ती. अण्णांनी तिच्यावर कुंकवाचं बोट उठवलं, दोन्ही हातांनी ती फटीत सारली, खट्‌ आवाज झाला तेव्हा समाधानानं मान डोलावली, आणि बटण स्वतः दाबलं.

मी हसत होते. पोरी टाळ्या वाजवत होत्या. मशीननं फ्लॉपी चघळली, कुरकुर केली आणि पडद्यावर नेहमीची ओळ दिली की ही चालू करायची फ्लॉपी नाही, दुसरी घाला. “बघा, आवडलं नाही त्याला,” मी म्हणाले, फ्लॉपी बाहेर काढली, एक बटण दाबलं. मशीन डिस्कवरून नीट सुरू झालं. अण्णांनी नारळ फोडला. त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा माझे संगणक मशीन वाटले असावेत, इतके ते खूश होते, आणि ते खूश म्हणून मीही.

पहारा जागा असता तर ती कुरकुर चालू असतानाच किंचाळला असता.

दिवाळीनंतर बाई परत यायला लागल्या. शेवटचा भाग चालू होता. एक दिवस त्यांनी रुमालात गुंडाळून एक फ्लॉपी आणली. पुतण्या मुंबईत होता, त्यानं त्यांच्या आईचा एकुलता एक फोटो तिथं संगणकात घालून पाठवला होता. फ्लॉपी मीच मशीनमध्ये घातली. पडद्यावर नऊवारी नेसलेली, कॅमेऱ्याकडं रागानं बघणारी बाई उमटली. आमच्या बाई खुर्ची पुढं ओढून कितीतरी वेळ तिच्याकडं बघत बसल्या. “हा पुस्तकाच्या पहिल्या पानावर घालायचा,” म्हणाल्या. मी फ्लॉपी डब्यात ठेवली.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, सकाळी साडेदहाला मी थोरलं मशीन चालू केलं तर काळा पडदा. पांढरी अक्षरं वर गेली आणि थांबली. पुन्हा चालू केलं. तेच. स्वच्छ फ्लॉपीवरून उठवून डिस्कवर काय आहे विचारलं, तर मशीन म्हणालं, डिस्क कुठं आहे? मी घाबरले. पण ते चेहऱ्यावर येऊ द्यायचं नाही, हे मला लहानपणापासून जमतं.

अकराला बाई आल्या. दुसऱ्या मशीनवर बसलेल्या पोरी टायपिंग थांबवून माझ्याकडं बघत होत्या. मॅडमचं मशीन पडलंय आणि मॅडमला कळत नाहीये, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. ते मला सहन झालं नाही. मी बाईंकडं वळले.

“बाई, तुमच्या त्या मुंबईच्या फ्लॉपीनं घात केला. बाहेरची फ्लॉपी आणायची नाही म्हणून किती वेळा सांगितलंय मी? सगळं गेलं.”

पोरींनीही वळून बाईंकडं बघितलं. बाई दारातच उभ्या होत्या, एक चप्पल काढलेली, एक पायात.

“माझं लिहिलेलं?” त्यांनी विचारलं.

“सगळंच.”

“माझ्या फ्लॉपीमुळं?”

“मग आणखी कशामुळं?”

त्यांनी माझ्याशी वाद घातला असता तर बरं झालं असतं. वाद मला येतो. पण त्या हळूच म्हणाल्या, “असेल.” काढलेली चप्पल पुन्हा पायात घातली आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मी दारावर जाड अक्षरांत कागद लावला, ‘बाहेरील फ्लॉपी आणण्यास सक्त मनाई आहे’, आणि मला वाटलं, क्लासची शिस्त वाचली.

चौथ्या दिवशी दुपारी मशीन दुरुस्तीला घेतलं. डिस्क मशीनला दिसते का ते तपासायला निळ्या पडद्यावर गेले. डिस्क दिसत होती. खालच्या यादीत सहज नजर गेली. ‘व्हायरस वॉर्निंग’. समोर ‘डिसेबल्ड’.

मी खुर्चीत मागं टेकले. मग उठून फ्लॉप्यांचा डबा घेतला. मुंबईची फ्लॉपी वर काढली. तिच्या कोपऱ्यातली बारीक खिडकी उघडी होती. खिडकी उघडी असली की त्या फ्लॉपीवर कुणालाच काही लिहिता येत नाही, व्हायरसलाही नाही. पुतण्या शहाणा होता. म्हणजे ती जशी मुंबईहून निघाली तशीच होती. दुसऱ्या मशीनवर, पहारा चालू आहे याची खात्री करून, तपासली. स्वच्छ निघाली. मग ती पिवळी काढली, कुंकवाचं बोट असलेली. तपासणीच्या पडद्यावर लाल ओळ आली. डब्यातल्या आणखी सहा फ्लॉप्यांवर आली, दसऱ्यानंतर थोरल्या मशीनमध्ये गेलेल्या बाकी सगळ्यांवर. महिनाभर तो मशीनमध्ये मुक्काम करून होता आणि एक दिवस त्यानं डिस्कचं तोंड खाल्लं.

अण्णांना सांगितलं तेव्हा ते खाली बसले. “म्हंजी मी घास दिला, त्यानंच?”

“तुमच्या घासानं नाही, अण्णा. दार मी उघडं ठेवलं होतं. श्रावणापासून.”

“आन तू त्या बाईला बोललीस?”

“बोलले.”

अण्णा आयुष्यात मला फार कमी वेळा रागावलेत. त्या दिवशी ते रागावलेही नाहीत. नुसते म्हणाले, “मशीन मोडलं तर फिटर आदी सोताचा पाना बघतो, गं.” आणि उठून अंगणात गेले.

मला तेव्हाच बाईंच्या घरी जायला हवं होतं. पण रिकाम्या हातांनी जायला माझा पाय उचलेना. चूक कबूल करायची तर सोबत दुरुस्तीही न्यायची, अशी माझी समजूत. आणि दुरुस्ती होण्यासारखी होती, हे मला त्या धक्क्यातही कळत होतं. डिस्कवरचा मजकूर गेला नव्हता. कुठली फाइल कुठं ठेवली आहे ते सांगणारी सुरुवातीची पानं तेवढी गेली होती. एखाद्या जाड पुस्तकाची शिवण उसवून पानं वाऱ्यानं खोलीभर पसरावीत आणि पृष्ठांक पुसले जावेत, तशी गत. पानं खोलीतच होती. ती वेचायला बसणारं माणूस हवं होतं, आणि बसायच्या बाबतीत मी कुणाला हार जात नाही.

मी डिस्क काढून टॉवेलात गुंडाळली, मांडीवर घेऊन एसटीनं सांगलीला गेले. तिथं माझ्या वर्गमित्राचं दुरुस्तीचं दुकान होतं, त्यांच्या हळदीच्या पेढीच्या माळ्यावर. त्याच्याकडं डिस्कचा एकेक कप्पा उघडून दाखवणारा प्रोग्रॅम होता. त्यानं डिस्क बघितली आणि हसला.

“फॉरमॅट मार आणि मोकळी हो गड्या. लाखो कप्पे आहेत ह्यात. म्हातारी होशील.”

“तुझं मशीन देणार आहेस का नाही?”

“तुला नाही म्हणून कुठं राहायचं?” तो म्हणाला आणि खुर्ची सोडून उठला.

अकरा दिवस मी रोज सकाळच्या एसटीनं सांगलीला जायचे. माळ्यावर हळदीचा वास भरलेला, खाली हमालांचे आवाज. त्यांचं घर जैनांचं, जेवणं सूर्य मावळायच्या आत उरकायची, त्यामुळं पाचला त्याची आई खालून हाक मारायची आणि काम थांबायचं. मला वाढल्याशिवाय ती माउली स्टँडवर जाऊ द्यायची नाही.

त्या प्रोग्रॅममध्ये मराठी मराठी दिसत नव्हतं. आमचे तेव्हाचे फॉण्ट असे की खरी अक्षरं इंग्रजीच असायची, त्यांना नुसता मराठी पोशाख चढवलेला. पोशाख काढला की पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, प्रश्नचिन्हं, सगळा भाजीबाजार. त्यातून बाईंचा मजकूर कुठला आणि पोरींचे अर्ज, लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका कुठल्या, हे ओळखायचं. मला बाईंच्या आकड्यांनी वाचवलं. आकडा, कंस, मजकूर. असा तुकडा दिसला की तो उचलायचा, दुसऱ्या मशीनवर नेऊन फॉण्ट लावायचा आणि आकड्याच्या क्रमानं जोडायचा. तिसऱ्या दिवसापर्यंत मी फॉण्ट न लावताच शब्द वाचायला लागले होते. ‘आई’ कशी दिसते, ‘शाळा’ कशी दिसते, मला पाठ झालं. मित्र येऊन बघायचा, मान हलवायचा आणि जायचा. मला मनातून भलताच आनंद होत होता. हे कराड-सांगलीत दुसऱ्या कुणाला जमलं नसतं, आजही मी तसंच म्हणेन.

सुरुवातीला मी मजकूर वाचत नव्हते, नुसती जुळवत होते. पण जोड बरोबर बसली का ते बघायला वाक्याचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात वाचावीच लागायची. मग मी वाचत गेले. माणमधलं पाण्यासाठीचं चालणं, मुंबईहून येणारी वडिलांची पत्रं, ती वाचून दाखवण्यासाठी म्हणून आईनं हट्टानं शाळेत घातलेली मुलगी. आठव्या दिवशी दुपारी सत्तावीस नंबरचा तुकडा सापडला. सव्वीस आणि अठ्ठावीस आधीच हाती आले होते, मधला तेवढा हुलकावणी देत होता. सापडला म्हणून मी टेबलावर थाप मारली, फॉण्ट लावला आणि वाचला.

‘२७) मला वर्गात बसू देत नसत. मी व्हरांड्यात बसायचे. गुरुजी शिकवत ते खिडकीतून ऐकू यायचं. वर्गात कुणाची पाटी फुटली, कुणाची दौत सांडली, तरी गुरुजी आधी बाहेर माझ्याकडं बघायचे. त्यांनी बघितलं की सगळा वर्ग बघायचा. मी तर आत गेलेलीच नसायचे. तरी मला दर वेळी वाटायचं, असेल, आपल्याच हातून काहीतरी झालं असेल.’

मी ते एकदाच वाचलं. दुसऱ्यांदा वाचायची गरज नव्हती. मला लाज वाटली. आयुष्यात इतकी लाज मला त्याआधी वाटली नव्हती आणि त्यानंतरही नाही. मित्रानं विचारलं, “काय झालं गं, तुटलं का काय?” मी नाही म्हणाले आणि पुढचा तुकडा शोधायला लागले, कारण ते काम अर्धं सोडलं असतं तर मला स्वतःला तोंड दाखवता आलं नसतं.

बाराव्या दिवशी सगळं छापून, पुठ्ठ्यात बांधून बाईंच्या घरी गेले. तीनशे चाळीस परिच्छेदांतले तीस-बत्तीस मिळाले नव्हते, बाकी सगळे होते. बाई दारातच भेटल्या. मी पुठ्ठा त्यांच्या हातात दिला आणि उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं, पहारा, पिवळी फ्लॉपी, सगळं. सारवासारव केली नाही. “तुमची फ्लॉपी त्या डब्यातली एकुलती एक स्वच्छ होती,” असंही सांगितलं.

बाईंनी पुठ्ठ्याची दोरी सोडली. पानं चाळली. एका जागी थांबल्या, तिथंच बोट ठेवून त्यांनी विचारलं, “हे वाचलंस?”

“वाचलं.”

आतून त्यांची नात डोकावून गेली. मी म्हणाले, “बाई, मी तुम्हाला पोरींसमोर बोलले. पोरींसमोरच मागं घ्यायचंय. उद्या याल?”

“अकराला येते,” बाई म्हणाल्या.

आल्या. दारावरचा कागद मी सकाळीच काढला होता. त्याच पोरी होत्या. मी त्यांना थोरल्या मशीनभोवती उभं केलं, डिलीट दाबून निळा पडदा उघडला आणि ती ओळ दाखवली. कुणी बंद केली, कधी केली, का केली, आणि दोष कुणावर ढकलला, सगळं सांगितलं. मग पेज-अप दाबून पहारा चालू केला, सेव्ह केलं, आणि बाईंची माफी मागितली.

बाईंनी त्यांची खुर्ची ओढली, पण स्वतः बसल्या नाहीत. “आज तू बस,” म्हणाल्या. “गेलेले परिच्छेद मी मागाहून लिहीन. आधी एक नवीन आहे. मी सांगते, तू घाल. आकडा तीनशे एकेचाळीस.”

मी आकडा घातला, कंस घातला. बाई माझ्या खांद्यामागं उभ्या राहून शाळेत शुद्धलेखन सांगावं तसं सांगत गेल्या, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा. ‘निवृत्त झाल्यावर मी एका वर्गात शिकायला जात होते. एक दिवस तिथलं मशीन बंद पडलं. शिकवणाऱ्या बाईंनी आधी माझ्याकडं बघितलं. त्यांनी बघितलं म्हणून सगळ्यांनी बघितलं.’ माझी बोटं प्रत्येक शब्दाला अडखळत होती. वाक्य संपलं की बाई थांबायच्या, मी पूर्णविराम देईपर्यंत. एका ठिकाणी मी मान वर न करताच म्हणाले, “बाई, इथं माझं नाव घाला.”

“नको,” बाई म्हणाल्या. “त्या गुरुजींचंही घातलेलं नाही.”